झाकण मिटल्याची नोंद

“मागे सरा! कुणी हात लावू नका! यंत्राचा प्राण घशाशी आलाय!”

लॅपटॉपला घसा असतो हे मला त्या रविवारी कळलं. छप्पन्न वर्षं मी अडाणीच राहिले म्हणायची.

वाचनालयाच्या माडीवर जेमतेम साठ माणसं बसतात. त्या दिवशी सव्वाशे घुसली होती. खिडक्यांच्या कठड्यांवर माणसं, जिन्यात माणसं, आणि पुस्तकांच्या कपाटावर चढून बसलेले दोन चांगले बाप्ये. मधोमध टेबलावर आमच्या संगणक वर्गातला सात नंबरचा लॅपटॉप, झाकण उघडं, स्क्रीन चालू. त्याच्यापुढे स्पंदनगुरू उभा. हे नाव त्याचं त्यानेच घेतलेलं. पांढरा शर्ट, पांढरी पँट, पांढरे बूट. कंपाउंडर कुणाच्या लग्नाला निघालाय असं वाटायचं. उजव्या मनगटात एक तांबूस कडं, टोकं न जुळलेलं. असली कडी तो विकायचा, आणि निम्म्या गावाच्या मनगटात ती होती.

“प्रत्येक धातूला स्मृती असते,” तो डोळे अर्धे मिटून म्हणाला. “स्मृतीला स्पंदन असतं. स्पंदनाला दिशा असते. आणि दिशेला...”

दिशेला काय असतं हे त्यालाही ठाऊक नव्हतं. तिथे आला की तो डोळे पूर्ण मिटायचा आणि लोक माना डोलवायचे.

मग त्याने उजवा हात सावकाश लॅपटॉपवर आणला. कळफलकाच्या खाली, मनगट टेकतं त्या जागेवर तो वीतभर उंचीवरून खाली खाली येत गेला. स्क्रीन फटकन काळा झाला.

“गेलं!” कपाटावरचा एक ओरडला.

“गेलं नाही. माझ्यात आलंय,” गुरू कण्हत म्हणाला. त्याने हात झटकन मागे घेतला, छातीशी धरला, दातओठ खाल्ले. तीन-चार सेकंद गेले आणि स्क्रीन पुन्हा उजळला. सव्वाशे माणसांनी एकदम श्वास सोडला. टाळ्या वाजल्या. वाचनालयाचे अध्यक्ष तर डोळे पुसायला लागले.

“आता हिला पुढे आणा,” गुरू म्हणाला.

हिला म्हणजे आमच्या गल्लीतल्या शिवणवालीला. चार बायकांनी तिला दंडाला धरून टेबलापाशी उभं केलं. तिच्या उजव्या मनगटात गुरूची दोन कडी होती, एकावर एक. तिने हात नुसता जवळ नेला आणि स्क्रीन मेला. हात काढला, जागा झाला. पुन्हा नेला, पुन्हा मेला.

“बघा,” गुरू हळू आवाजात म्हणाला. “माझ्या हातात यंत्राचा दोष येतो. हिच्या हातातून दोष यंत्रात जातो. या हातात मरण बसलंय. घरात कुणी अकाली गेलंय?”

“माझा मुलगा!” पहिल्या रांगेतून तिची सासू उठली. “दोन वर्षं हेच सांगतेय मी, पण ऐकतंय कोण! कापूस पिंजायच्या यंत्रात हात अडकून गेला हो तो. यंत्रातच गेला!”

झालं. याच्यापुढे कुणाला काही बोलायची गरज उरली नाही. अध्यक्षांनी तिथल्या तिथे जाहीर केलं की शिवणवालीने वर्गातल्या कुठल्याही यंत्राला हात लावायचा नाही, आणि शुक्रवारच्या परीक्षेच्या यादीतून तिचं नाव काढलं आहे.

ती रडली नाही. तिने एकदा मागे वळून सगळ्यांवर नजर फिरवली. शेवटच्या रांगेत मी होते. मी माझ्या चपलांकडे बघितलं.

का बघितलं ते सांगते. पण त्यासाठी आधीचं सांगायला हवं.

माझं टायपिंगचं इन्स्टिट्यूट होतं. सव्वीस वर्षं चाललं, मग आपोआप बंद पडलं. गावात अजून मला टायपिंगवाली बाईच म्हणतात. एका विमा कंपनीने आपली शाखा बंद केली तेव्हा तिथले चौदा जुने लॅपटॉप वाचनालयाला देऊन टाकले. सगळे एकाच बनावटीचे, एकाच वयाचे, एकसारखे दमलेले. चालू केला की चहा करून पिऊन होईपर्यंत स्क्रीनवर गोल फिरत राहायचं. अध्यक्ष म्हणाले भंगारात घाला. मी म्हणाले, माझ्याकडे द्या.

एक पेनड्राइव्ह घेतला, त्यावर लिनक्स उतरवून घेतली. ही सिस्टिम फुकट मिळते आणि म्हाताऱ्या यंत्रांवरही बरी चालते. आतल्या डिस्क बदलल्या. पंख्यांमधली धूळ दाढीच्या ब्रशने काढली. कळांवर मराठी अक्षरांच्या चिकटपट्ट्या कापून लावल्या, आणि नेलपॉलिशने झाकणांवर एक ते चौदा आकडे घातले. महिन्याभरात चौदाही यंत्रं अर्ध्या मिनिटात उठून बसायला लागली. अध्यक्षांना ते पटेना. “फुकटची सिस्टिम हो बाई,” ते म्हणायचे, “काही ना काही खोट असणारच.” या माणसाने स्पंदनगुरूचं कडं पैसे मोजून घेतलेलं, त्यामुळे त्यात खोट असायचा प्रश्नच नव्हता.

वर्ग सुरू झाला. अकरा बायका-मुली आल्या. त्यात ही शिवणवाली. तिचं येणं हौसेचं नव्हतं. दवाखान्याच्या नोंदणी खिडकीवर एक पक्की जागा निघाली होती. मराठी टायपिंग आणि संगणकाची परीक्षा आमच्याच वर्गात व्हायची होती. नवरा गेल्यावर तिच्या सासूने चार नातेवाइकांसमोर ठरवून टाकलं होतं: शाळा सुरू व्हायच्या आत पक्की नोकरी लागली तर पोरगी आईकडे, नाहीतर आम्ही नेणार. पोरगी आठ वर्षांची. शिवणवालीचं सगळं त्या परीक्षेवर होतं, आणि वर्गात हे सगळ्यांना माहीत होतं. मला तर चांगलंच माहीत होतं.

बोटं काय होती तिची! सव्वीस वर्षांत मी अशी चार-पाचच बघितली. तिसऱ्या आठवड्यात ती कळफलकाकडे न बघता टाइप करायला लागली. अक्षरांवर बोटं पडायची ती शिवणयंत्राच्या सुईसारखी, एका लयीत. ही पास होणार याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

मग चौथ्या आठवड्यात तिचा लॅपटॉप मरायला लागला.

मधेच स्क्रीन काळा. ती दचकून हात उचलायची, तो जागा व्हायचा. पुन्हा टाइप करायला घेतलं की पुन्हा काळा. जागा बदलून दिली, सात नंबरऐवजी तीन दिला, मग अकरा दिला. तिच्यापुढे सगळेच मरायचे, आणि मी तिच्या खुर्चीत बसले की मुकाट चालायचे. बाकीच्या मुली कुजबुजायला लागल्या.

मी काय केलं? जे मला येतं ते केलं. लिनक्स स्वतःची एक नोंदवही ठेवते. यंत्रात काय झालं, किती वाजता झालं, सगळं ती त्यात लिहून ठेवते. ती मी उघडली. त्यात स्वच्छ लिहिलेलं: झाकण मिटलं. झोपत आहे. झाकण उघडलं. जागं होत आहे. एका तासात एकोणीस वेळा.

आता मला सांगा, यावरून तुम्ही काय समजला असतात? मी समजले की ती गंमत करते आहे, किंवा परीक्षेला घाबरून सबब शोधते आहे. आणि माझी जीभ ही अशी. मी सगळ्या वर्गासमोर म्हणाले, “झाकण सारखं मिटू नकोस.”

“मी नाही मिटत, बाई.”

“इथे लिहिलंय.”

“देवाशपथ नाही मिटत. तुम्ही समोरच तर होता.”

“हे बघ,” मी म्हणाले, “माणूस खोटं बोलतो. यंत्र बोलत नाही.”

तिचं तोंड एवढंसं झालं. ती उठली. त्या दिवशी इथून निघाली ती सरळ स्पंदनगुरूकडे गेली. तिला तिकडे ढकललं कुणी? सासूने नाही, अध्यक्षांनी नाही. मी ढकललं. अंधश्रद्धेवर मी आयुष्यभर तोंडसुख घेतलं, आणि माझ्या वर्गातली सगळ्यांत हुशार बाई मीच त्या भोंदूच्या दारात नेऊन सोडली.

तिच्या उजव्या मनगटात एक कडं आधीपासून होतं. दिवसभर कात्री चालवून मनगट दुखायचं, म्हणून चौथ्या आठवड्याच्या सुरुवातीला तिने ते घेतलेलं. बायकांनी कडं डाव्या हातात घालायचं असा गुरूचा नियम होता. हिचं दुखणं उजव्यात, म्हणून हिने सरळ उजव्यात घातलं. मी ते कडं रोज बघत होते, आणि तरी बघत नव्हते. थोतांड ते, त्याच्याकडे काय बघायचं! हा माझा तोरा.

गुरू वर्गात आला, तिला टाइप करताना बघितलं, आणि माझी खात्री आहे की त्या लबाडाला दोन मिनिटांत सगळं कळलं. आपण काय विकतो हे विकणाऱ्याइतकं कुणाला माहीत असतं? तो तेव्हाच म्हणू शकला असता, “बाई, कडं काढून बसा.” विषय संपला असता. पण मग लोकांनी विचारलं असतं की कड्यात आहे तरी काय. म्हणून त्याने तिला दुसरं कडं दिलं. त्याच हातात. “दोष मोठा आहे,” म्हणाला, “एकाने भागायचं नाही.” आधी मनगट टेकल्यावर स्क्रीन मिटायचा, आता हात जवळ नेला तरी मिटायला लागला. मग आला तो रविवार, जो मी पहिल्यांदा सांगितला.

त्या रविवारी सगळे पांगल्यावर मी सात नंबरची नोंदवही पुन्हा उघडली. अकरा वाजून बारा मिनिटं: झाकण मिटलं. सव्वाशे माणसांदेखत झाकण सताड उघडं होतं, आणि नोंदवही म्हणत होती मिटलं.

म्हणजे ती खरं बोलत होती. पहिल्या दिवसापासून.

कुणीही शहाणं माणूस काय करेल? चार घरं ओलांडून जाईल, दार वाजवेल, आणि म्हणेल, “चुकले गं माझे आई.” मी नाही गेले. मी ठरवलं की माझी सिस्टिम बसवण्यातच चूक झाली आहे. सोमवार ते गुरुवार मी चौदाही यंत्रं पुसून पुन्हा पहिल्यापासून लिनक्स बसवली. कामाचा आव आणला. खरं म्हणजे मला तिला तोंड दाखवायची लाज वाटत होती, आणि लाज लपवायला चौदा लॅपटॉप पुष्कळ होतात.

शुक्रवारी परीक्षा झाली. अध्यक्षांच्या पुतणीला ती जागा मिळाली. ती अजून एका बोटाने टाइप करते.

शनिवारी मी शिवणवालीकडे गेले. माफी मागायला गेले असं सांगायला मला आवडलं असतं. मी गेले होते लॅपटॉपना खोळी शिवून घ्यायला. चौदा खोळींचं काम दिलं की बोलायला सोपं जाईल असा माझा हिशोब.

ती यंत्रावर बसली होती. पुढ्यात एक लहान मुलीचा शाळेचा झगा.

“कुणाचा गं?” मी विचारलं.

“आमच्या पोरीचा. काल संध्याकाळी दीर येऊन घेऊन गेले तिला. झगा शिवून व्हायचा होता अजून. देईन पाठवून.”

ती झग्याची कड दुमडत होती. एकेक टाचणी काढायची, ती उजव्या मनगटाकडे न्यायची आणि सोडून द्यायची. टाचणी पडायची नाही. कड्यांच्या दोन्ही टोकांना टाचण्यांचे झुपके लटकत होते.

“हे काय?” मी म्हणाले.

“हे होय? सोयीचं आहे. उशीत खोचत बसावं लागत नाही, खाली सांडत नाहीत.” मग आवाज उतरवून म्हणाली, “तेवढाच उपयोग झाला बघा या कड्यांचा.”

मी तिचा हात धरला. एक टाचणी ओढून काढली, सोडली. टच्. पुन्हा चिकटली.

लोहचुंबक! कड्याच्या टोकात लोहचुंबक बसवलेला! आणि माझ्या डोक्यात त्या नोंदवहीतल्या ओळी सरसर सरकल्या. झाकण मिटलं. अगं बये, झाकण मिटलं हे यंत्राला कळतं कशावरून? त्याला कुठे डोळे आहेत? मी तिथून वाचनालयात गेले नाही, धावले. एका लॅपटॉपच्या झाकणाच्या वरच्या कडेवर टाचणी फिरवली. उजव्या कोपऱ्यात चिकटली. पेचकसाने खालचा पत्रा उघडला. जिथे उजवं मनगट टेकतं, बरोबर तिथे मिरीच्या दाण्याएवढा एक काळा तुकडा बसवलेला. त्याला चुंबक ओळखता येतो. झाकण खाली आलं की झाकणातला चुंबक त्याच्यावर येतो आणि यंत्र समजतं, मालक उठला, आता झोपा. झाकणाच्या चुंबकाऐवजी कड्याचा चुंबक आला, तरी त्या बापड्याला काय कळणार? त्याला चुंबक तेवढा कळतो. त्याने इमानदारीने लिहिलं होतं. अर्थ मी लावला, आणि चुकीचा लावला.

दुसऱ्या दिवशी रविवार. माडीवर पुन्हा तोबा गर्दी. आज गुरू यंत्रांसाठी ‘कवच’ विकणार होता. चंदेरी कागदाची गोल टिकली, लॅपटॉपवर चिकटवायची. अध्यक्षांनी चौदा सांगून ठेवली होती. शिवणवालीची सासूही आली होती, नातीसाठी एक टिकली घ्यायला. आईचा हात इतकी वर्षं त्या पोरीवर फिरलेला ना!

“गुरू,” मी पुढे जाऊन म्हणाले, “मी पापी बाई. मला तुमचा चमत्कार लांबून दिसला. आज जवळून दाखवा.”

तो खूश झाला. म्हातारी वठणीवर आली असं त्याला वाटलं असावं. मी आठ नंबर पुढे ठेवला.

“प्रत्येक धातूला स्मृती असते,” त्याने सुरू केलं. हात आला, मनगटाच्या जागेवर उतरला. स्क्रीन चालूच.

त्याने हात थोडा सरकवला. चालूच. डावीकडे नेला, उजवीकडे नेला, कडं जवळजवळ घासलं. लॅपटॉप ढिम्म.

“आज याची स्मृती बंद आहे,” तो म्हणाला. कपाळावर घाम आला होता.

“बंद मी केली. सकाळी याला एक ओळ लिहून सांगितलं, झाकण मिटलं तरी लक्ष देऊ नकोस. एका ओळीत तुमचं स्पंदन गेलं, गुरू! एवढंसंच होतं का हो ते?”

कपाटावरचे दोघं हसले. हसू ही वाईट चीज असते; एकदा सुटलं की आवरत नाही. गुरूने अध्यक्षांकडे बघितलं. अध्यक्ष छताकडे बघत होते.

मग मी सात नंबर पुढे ओढला. त्याला मी तसाच ठेवला होता. “अध्यक्ष, तुमचं कडं द्या.”

“माझं कशाला?”

“तुमच्या हातात मरण आहे का ते बघू.”

त्यांनी नाइलाजाने काढून दिलं. मी ते लाकडी पट्टीच्या टोकाला दोऱ्याने बांधलं आणि पट्टी लॅपटॉपवर नेली. स्क्रीन काळा! पट्टी काढली, उजळला. नेली, काळा!

“आता मला सांगा,” मी गर्दीला म्हणाले, “या पट्टीचा नवरा कधी गेला?”

मग मी टाचण्यांची डबी कड्यावर उपडी केली आणि लटकणारा झुपका सगळ्यांना फिरवून दाखवला. उघडलेला पत्रा दाखवला, तो काळा तुकडा दाखवला, झाकणातला चुंबक दाखवला. लोक एकेक करून पुढे येऊन स्वतः पट्टी फिरवायला लागले. लहान मुलांसारखे खिदळत होते. मनगटांतली कडी निघायला लागली.

“मी कधी म्हणालो की यात चुंबक नाही?” गुरू ओरडला. “चुंबकातच तर स्पंदन...”

“मग तिला दुसरं कडं का घातलंस?” मी विचारलं. “त्याच हातात? कळलं होतं ना तुला?”

तो टिकल्यांची पेटी आवरायला लागला. तेवढ्यात कुणीतरी त्याच्या पांढऱ्या शर्टावर शाई ओतली. दुसऱ्याने त्याच्या टिकल्यांची पेटी जिन्यावरून खाली भिरकावली. त्याला ढकलत, टपल्या मारत खाली नेलं, आणि शेवटच्या तीन पायऱ्या तो बसूनच उतरला. वाईट वाटलं का मला? खोटं कशाला बोलू, मजा वाटली. ज्यांनी टपल्या मारल्या तेच आठवड्यापूर्वी टाळ्या वाजवत होते, हे दिसत असूनही मजा वाटली. माझ्यासाठीही टाळ्या वाजल्या. “आम्हाला पहिल्यापासून संशय होता,” असं अध्यक्षांनी तीन वेळा सांगितलं. शिवणवालीचं नाव एकानेही काढलं नाही. आणि या सगळ्यात माझाही हात होता, मीच तिला आधी खोटारडी ठरवलं, हे त्या टेबलापाशी उभं राहून सांगायचं होतं. टाळ्या चालू होत्या, आणि ते राहून गेलं.

सासू जाता जाता मला म्हणाली, “यंत्राचं ठीक आहे हो. माणसाचं वेगळं असतं.”

संध्याकाळी मी शिवणवालीला सगळं सांगितलं. तिने दोन्ही कडी काढली, हातात धरून बघितली आणि टाचण्यांच्या डबीत टाकली.

“म्हणजे झाकण मी मिटत नव्हते,” ती म्हणाली.

“नाही.”

“मी सांगितलं होतं तुम्हाला.”

“हो.”

“तुम्ही तेव्हा एवढंच म्हणायचं होतं की चल, बघू काय होतंय ते. मी कुणाकडेही गेले नसते, बाई.”

मी माफी मागितली. तिने ऐकून घेतली. माफ केलं असं काही म्हणाली नाही. दवाखान्याने जागा भरून टाकली होती, अध्यक्ष म्हणाले आता नियमाने काही करता येत नाही. पुढची जागा कधी निघेल ते कुणालाच माहीत नाही. तरी ती दुसऱ्या दिवसापासून पुन्हा वर्गात यायला लागली आणि सात नंबरवर बसायला लागली.

तीन आठवड्यांनी दीर पोरीला भेटीला घेऊन आला. एक तासासाठी. वर्गातच आणलं, घरी पाठवायचं नाही असं सासूने बजावलेलं. शाळेच्या झग्यात पोरगी दारात उभी राहिली. आई उठली, हात पुढे करून गेली, आणि पोरीने दोन्ही हात पाठीमागे लपवले.

“काय झालं गं?”

“आजी म्हणते तुझा हात लागला की बंद पडतं.”

दीर खिडकीबाहेर बघायला लागला. आईचे हात तसेच पुढे, काय करायचं त्यांचं ते तिला कळेना.

माझ्या जिभेवर सासूसाठी शिव्यांची रांग लागली होती. गिळल्या. तिच्या आईच्या पिशवीतल्या टाचण्यांच्या डबीतून एक कडं काढलं आणि पोरीच्या हातात दिलं. “आजीचं नको ऐकू. माझंही नको ऐकू. तूच करून बघ.”

तिने कडं सात नंबरवर ठेवलं. स्क्रीन काळा. उचललं. उजळला. पाच-सहा वेळा केलं. मग कडं लांब नेऊन बाकावर ठेवलं आणि आईला म्हणाली, “आता तू हात ठेव.” आईने ठेवला. स्क्रीन चालू. “टेकवून ठेव. दोन्ही ठेव.” चालू. पोरगी स्क्रीनकडे टक लावून उभी. मनात आकडे मोजत असावी, ओठ हलत होते.

मग ती आईसमोर येऊन उभी राहिली. डोळे गच्च मिटले, मुठी आवळल्या, आणि म्हणाली, “आता माझ्या डोक्यावर ठेव.”

आईने माझ्याकडे बघितलं. मग हात पोरीच्या केसांवर ठेवला. पोरीने श्वास रोखून धरला होता. बराच वेळ. मग एक डोळा उघडला, मग दुसरा.

“नाही झाले मी बंद,” ती म्हणाली.

त्या बाईने पोरीला असं काही कवटाळलं की झग्याची शिवण उसवली. तास संपला तसा दीर पोरीला घेऊन गेला. ती अजून तिकडेच असते. चुंबक कळला म्हणून पोरगी परत मिळत नाही.

मला तुम्हाला फार काही सांगायचं नाही. अमक्याच्या हातात दोष आहे असं उद्या कुणी म्हणालं, तर त्या हातात काय आहे ते आधी बघा. काढून बघा, दुसऱ्याच्या हातात घालून बघा, लाकडाच्या पट्टीला बांधून बघा. सांगणारा पांढऱ्या बुटांत असो, नाहीतर माझ्यासारखी नोंदवही नाचवणारी असो, त्याच्या तोंडाकडे बघत बसू नका. त्या आठ वर्षांच्या पोरीला खरंच वाटत होतं की आईचा हात लागला की आपण मरणार, आणि तरी तिने डोकं पुढे करून बघितलं. आपण सव्वाशे मोठी माणसं होतो, आणि आपल्यातल्या एकाच्याही केसाला धक्का लागणार नव्हता.